बाकाची बखर

आपल्याकडे इतिहास म्हणजे सिंहासनाचा, अशी शाळेपासूनची समजूत आहे. कोण बसला, कोणाला उठवून बसला, किती वर्षं बसला आणि शेवटी त्याला कोणी उठवलं, ही चार कलमं पाठ केली की इतिहासाचा पेपर सुटत असे. पुढे मुंबईच्या लोकलशी संबंध आला तेव्हा ध्यानात आलं, की हीच चार कलमं तिथं रोज सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान प्रत्येक बाकावर घडत असतात. फरक इतकाच, की सिंहासनावर एक बसतो आणि बाकावर तिघांच्या जागेत चौघे. तरी सिंहासनाच्या बखरी ढीगभर आणि बाकाची एकही नाही. ही उणीव भरून काढायचं मी मनावर घेतलं आहे.

आता कोणी म्हणेल, अहो, तुम्ही वाशिम जिल्ह्यातले. तुमच्याकडे लोकल नाही, लोकलची तार नाही, लोकलचा पास नाही. तुम्ही कशाला या भानगडीत पडता? तर त्याचं उत्तर सोपं आहे. मुंबईकराला लोकलचा इतिहास लिहिणं शक्यच नाही. तो उभा असतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष पुढच्या स्टेशनावर कोण उठणार याकडे असतं आणि बसतो तेव्हा त्याला झोप लागते. इतिहासाला लागणारी तटस्थ वृत्ती वाशिम सोडून दुसरीकडे सापडणार कुठं?

शिवाय आसनांच्या बाबतीत आमचं घराणं मोठं आहे. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. इथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या प्रधानानं पाचव्या शतकात अजिंठ्याला लेणं कोरवलं, तो शिलालेख अजून तिथं आहे. पुढे मधे बराच काळ आमच्या वाट्याला कुठलंच आसन आलं नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळे होऊन आम्ही स्वतंत्र जिल्हा झालो तेव्हा कलेक्टरची एक खुर्ची आली, एवढंच.

रेल्वेच्या बाबतीतही आम्हाला कोणी अडाणी समजू नये. रुळांच्या रुंदीचे मोठे तीन प्रकार भारतात नांदले आणि ते तिन्ही आमच्या एका जिल्ह्यानं पाहिले. कारंज्यावरून जायची शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट. वाशिमवरून जायची मीटरगेज, पूर्णा ते खांडवा, तिच्यावरून मीनाक्षी एक्स्प्रेस ऐटीत जात असे. अकोला ते पूर्णा हा तुकडा २००८ साली मोठा झाला आणि आम्ही ब्रॉडगेजवाले झालो. म्हणजे बाळलेणं, मुंज आणि लग्न, तिन्ही संस्कार पार पडले.

यातली शकुंतला ही मूळची माणसांसाठी नव्हतीच. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनवर आणून पोचवायचा आणि तिथून तो मुंबईमार्गे विलायतेला धाडायचा, हे तिचं काम. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं होतं. कापूस मँचेस्टरला जायचा आणि इंजिन मँचेस्टरहून आलं. सौदा बरोबरीचा होता असं मात्र आमच्याकडे कोणी म्हणत नाही. ते इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं, आणि आता कित्येक वर्षं गाडीच बंद आहे. तिच्या डब्यात लाकडी बाक असत आणि समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे कारंजा येईपर्यंत एकमेकांच्या चांगले ओळखीचे होत. वेग असा, की मधे उतरून बोरं वेचून पुन्हा तोच डबा पकडल्याच्या हकिगती इंझोरीपासून दारव्ह्यापर्यंत घरोघरी ऐकायला मिळतात. प्रत्येक हकिगतीत बोरं वेचणारा माणूस मात्र हकिगत सांगणाऱ्याचा काकाच असतो.

अशा गाडीत बसलेला माणूस जेव्हा पहिल्यांदा लोकलपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या नजरेत प्रथम भरते ती रुंदी. लोकलचा डबा बारा फूट रुंद असतो. आपल्या नेहमीच्या एक्स्प्रेसच्या डब्यापेक्षाही तो फूट-सव्वा फूट जास्त. एवढ्या रुंद डब्यात माणसाला एवढी कमी जागा कशी मिळते, हा प्रश्न आमच्या काकाजींनी दादरच्या फलाटावर मोठ्यानं विचारला होता. उत्तर द्यायला कोणी थांबलं नाही.

उत्तर शोधायचं तर १९२५ पासून सुरुवात करायला पाहिजे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, तीही हार्बर लाइननं. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. गाडी चार डब्यांची. चार! आज एवढ्या गाडीत डोंबिवलीचं एक भजनी मंडळ कसंबसं मावेल. ५ जानेवारी १९२८ ला पश्चिमेकडे कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. चाराचे आठ डबे झाले, साठच्या दशकात नऊ झाले, १९८६ साली पश्चिम रेल्वेवर बारा डब्यांची लोकल आली आणि २००९ साली पंधरा डब्यांची. चारावरून पंधरावर यायला गाडीला ८४ वर्षं लागली. तेवढ्या वेळात मुंबईत माणसं किती पटींनी वाढली याचा हिशेब ज्याचा त्यानं उभ्याउभ्याच करावा.

सगळ्या मार्गांवर सारखीच गाडी असते, असा एक भाबडा समज आमच्याकडे आहे. वस्तुस्थिती एकत्र कुटुंबासारखी आहे. नवं कापड आधी थोरल्याला, मग मधल्याला, आणि विरलं की धाकट्याला. या घरातली धाकटी म्हणजे हार्बर लाइन. मुख्य मार्गांवर बारा डबे येऊन कित्येक वर्षं झाली तरी हार्बर २०१६ पर्यंत नऊ डब्यांतच दिवस काढत होती. पंधरा डब्यांच्या गाडीची गोष्ट आणखी निराळी. ती बारा डब्यांच्या गाडीपेक्षा पाव हिश्श्यानं जास्त माणसं नेते खरी, पण तिला थांबायला तेवढा लांब फलाट पाहिजे. फलाट नसेल तर तीन डब्यांतल्या माणसांनी रुळांवर उतरायचं काय? म्हणून ती निवडक स्टेशनं घेत, बड्या घरच्या बाईसारखी मोजक्याच दारी थांबत जाते.

गाडी कुठली हे ओळखायला अक्षरं असतात. कल्याणला के, ठाण्याला टी, इथवर आपण शिकलेले असतो. पण कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस हे काय म्हणून? त्याचं कारण असं सांगतात, की कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा आग्नेयेला कर्जतकडे, म्हणून इंग्रजीतल्या उत्तर-दक्षिणेची ही आद्याक्षरं. सकाळच्या घाईत माणसाला दिशा सुचाव्यात हा त्यामागचा उच्च हेतू असावा. आमच्या काकाजींनी मात्र एस म्हणजे स्लो आणि एन म्हणजे नॉन-स्टॉप असा सरळ अर्थ लावला होता. ते कुठं पोचले ते विचारू नका. पोचले एवढं खरं.

आता मुख्य विषय, बाक. जगात बाक मांडायच्या दोनच पद्धती आहेत. एक आडवी आणि एक भिंतीसरशी. मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्यापासून आडव्या बाकांचं राज्य. मधे चालायची वाट, दोन्ही बाजूंना समोरासमोर बाक, आणि दारांपाशी मोकळी जागा. मोकळी म्हणजे बाक नसलेली. बाक आधी लाकडी पट्ट्यांचे होते, मग प्लास्टिकचे आणि पोलादाचे झाले. गाडी कारखान्यातून निघते तेव्हा एका बाकावर तिघांनी बसायचं असं ठरलेलं असतं. ती शहरात आली की चौथा येतो.

ही चौथी सीट कुठल्याही कायद्यात नाही. तिच्यावर गादी नाही, नंबर नाही. बसणाऱ्याचा निम्मा देह बाकावर आणि निम्मा वाटेत असतो. पण तिच्याएवढा पक्का हक्क मी तरी सातबारावरही पाहिलेला नाही. चौथ्यानं नुसतं बोट हलवायचं, तिघांनी तोंडं वाकडी करत चार-चार बोटं सरकायचं. पहिल्या वर्गात मात्र सहसा चौथा कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. तिथल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या बाकांमधला खरा फरक गादीचा नसून हा आहे. सबंध देशातला तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला, असं सरकार म्हणतं. चौथा वर्ग अजून चालू आहे, तो या बाकाच्या टोकावर.

माझा भाचा गेली नऊ वर्षं बदलापूरला राहून मुंबईत नोकरी करतो. सत्तरेक मिनिटं जायला, तेवढीच यायला. पहिले सहा महिने तो दारात उभा होता. मग आतल्या कडीला लोंबकळला. वर्ष उलटल्यावर दोन बाकांच्या मधे उभं राहायला मिळालं. ही फार मोठी बढती. कारण तिथल्या माणसाला ‘कुठे उतरणार?’ असं विचारायचा अधिकार असतो आणि ‘घाटकोपर’ असं उत्तर आलं की ती जागा त्याच्या नावावर चढते. दोन वर्षांनी चौथी सीट, साडेतीन वर्षांनी तिसरी. ऑफिसात त्याला एवढ्या काळात एकही बढती मिळाली नाही. पण ‘मामा, आपल्याले खिडकी भेटली’ असा त्याचा एके दिवशी फोन आला, तेव्हा मी माझ्या बहिणीला पेढे वाटायला सांगितले. तेही नुसती खिडकी नाही, तर वारा येतो त्या बाजूची. वाशिम जिल्ह्यातल्या माणसानं मुंबईत मिळवलेल्या मानाच्या स्थानांत मी ते धरतो.

आडव्या बाकाचा मोठा गुण असा, की तो माणसांना समोरासमोर बसवतो. समोरासमोर बसलेली चार मराठी माणसं फार वेळ गप्प राहू शकत नाहीत. म्हणून गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते आले, भजनं आली, आरत्या आल्या. बायकांच्या डब्यात भाजी निवडणं आलं, हळदीकुंकू आलं. ५ मे १९९२ ला तर चर्चगेटहून अख्खी गाडीच बायकांसाठी सुरू झाली. बाक जर पहिल्यापासून भिंतीसरशी लांबच लांब असते तर यातलं निम्मंअधिक घडलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

पण आडव्या बाकाला एक दोष आहे. तो जागा खातो. बसलेला माणूस उभ्याच्या दुपटीनं जागा अडवतो आणि गुडघ्यांचं भाडं कोणी देत नाही. म्हणून आता ज्या नव्या गाड्या आल्या त्यांत भिंतीला पाठ लावून बसायची पद्धत रुळली. २०१४ साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो आली, तिच्यात बाक असेच. २०१९ साली आमच्या विदर्भात, नागपूरला मेट्रो आली तीही याच वळणाची. दोन्ही बाजूंना रांगेत माणसं, मधे उभ्यांसाठी मैदान. मी नागपूरच्या मेट्रोत बसलो होतो. गाडी झकास, गार, स्वच्छ. समोर आठ माणसं ओळीनं बसलेली. मला वाटलं मुलगी पाहायला आलेत. पाचव्या मिनिटाला सगळ्यांनी मोबाइल काढले आणि मी एकटाच उरलो. तिथं पत्त्यांचा डाव मांडायचा तर पत्ते टाकायला उठून जावं लागेल.

उभ्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. रेल्वेच्या परिभाषेत गर्दीला फार भारदस्त नाव आहे. सुपर डेन्स क्रश लोड. म्हणजे एका चौरस मीटर जागेत उभी राहिलेली १४ ते १६ माणसं. हा आकडा मी आमच्या गावात एका कास्तकाराला सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘भाऊ, पऱ्हाटी लावतो तं तीन फूट अन् दोन फूट अंतर सोडतो आमी. दाटी झाली तं हवा खेळत नाई, बोंड सडते.’ मी हिशेब केला. चौरस मीटरला कपाशीची दोन झाडंसुद्धा होत नाहीत. कपाशीला अंतर सांगायला कृषी खातं आहे. माणसाचं खातं कुठलं ते त्यानं मला विचारलं आणि मी विषय बदलून पावसावर आणला.

आता विजेचं थोडं. सुरुवातीपासून मुंबईत लोकलला १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. बाकी देशात २५ हजार व्होल्टचा एसी. मग मुंबईचाही बदलायचा ठरला. बदल टप्प्याटप्प्यानं, म्हणून मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आल्या. त्यांतल्याच २००७ पासून धावू लागलेल्या पांढऱ्या-जांभळ्या, छतातून हवा सोडणाऱ्या. फक्त डीसीवर चालणाऱ्या जुन्या गाड्या मागे मागे सरकत शेवटी कुठं गेल्या असतील? अर्थात हार्बरवर. पश्चिम रेल्वेचा बदल २०१२ साली पुरा झाला. हार्बरचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसला शेवटची डीसी लोकल गेली. १९२५ ची पहिली गाडी ज्या दोन स्टेशनांमध्ये धावली, बरोबर त्याच दोन स्टेशनांमध्ये. धाकटीच्या नशिबी जुने कपडे आले खरे, पण घरातल्या पहिल्या बारशाचा आणि शेवटच्या निरोपाचा मान तिलाच मिळाला.

२०१२ साली ‘आता सगळ्या लोकल एसीवर’ ही बातमी आमच्या काकाजींनी वाचली. ऐन मे महिन्यात ते शाल घेऊन मुंबईला गेले. परत आल्यावर म्हणाले, ‘कायची एसी अन् कायचं काय! सदरा अंगाले चिपकून राह्यला नं बापा!’ भाच्यानं समजावलं, की काकाजी, तो प्रवाहाचा एसी, थंडाव्याचा नव्हे. २५ हजार व्होल्ट. काकाजी म्हणाले, ‘पंचवीस हजारातून दोनशे पंख्याकडे वळवले असते तं काय झालं असतं?’ खरी थंडाव्याची लोकल त्यानंतर पाच वर्षांनी, २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून निघाली. तोवर काकाजी शाल घेऊन दुसऱ्या प्रवासाला गेले होते.

या गार गाडीचे आकडे बघण्यासारखे आहेत. बसायला १०२८ आणि एकूण मावणार ५९६४. म्हणजे गाडी बांधणाऱ्यानंच कागदावर लिहून ठेवलं, की सहांतल्या पाचांनी उभं राहायचं. तिकीट सुरुवातीला इतकं होतं, की उभं राहायला पाच हजार माणसं येईचनात. २०२२ च्या मे महिन्यात ते निम्म्यावर आलं आणि गार गाडीतही ‘जरा सरका’ ऐकू यायला लागलं. पण त्या गाडीत एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे गारवा, बाक, सगळं क्षुल्लक. तिची दारं आपोआप बंद होतात.

दार हा लोकलमधला सगळ्यात जुना बाक आहे. तिथं कोणी बसत नाही, पण ज्यांना बसायला, उभं राहायला, कुठंच जागा उरत नाही त्यांची ती जागा. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. सकाळची वेळ होती. सगळे कामाला निघालेले. त्यानंतर साध्या, बिनगारव्याच्या लोकललाही बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेनं जाहीर केलं. दार बंद केल्यावर आत हवा कशी खेळवायची, हा त्यातला खरा अवघड प्रश्न. आमच्या त्या कास्तकारानं पहिल्या दमात विचारला होता तोच. बातमी वाचली त्या दिवशी मी भाच्याला तीन वेळा फोन लावला. चौथ्यांदा उचलला. म्हणाला, ‘मामा, मी आत हावो. खिडकीपाशी.’ त्या दिवसापासून त्याच्या खिडकीची मी थट्टा करत नाही.

आमच्या बाजूला लोकल यायची शक्यता नाही. तिची मावसबहीण मात्र येऊन पोचली आहे. मेमू. भुसावळ-बडनेरा मार्गावर ती मूर्तिजापूरला थांबते, जिथून शकुंतला आमच्याकडे वळायची. तीही विजेची, तिचीही मोटार डब्यातच. फरक एवढाच, की ती लांब पल्ल्याची म्हणून तिच्यात संडासाची सोय असते. मुंबईच्या लोकलमध्ये ती नाही. दीड तास उभं राहणाऱ्या माणसाला उभं राहण्यापलीकडे काही गरजा नसतात, अशी तिथली समजूत आहे. मेमूत अजून बसायला जागा मिळते आणि समोरचा माणूस ‘कोणत्या गावचे?’ असं विचारतो. तो ‘कुठे उतरणार?’ असं विचारायला लागला, की आपणही सुधारलो असं समजायचं.

गेल्या दिवाळीत भाचा कारंज्याला आला होता. संध्याकाळी सगळे ओट्यावरच्या बाकावर बसलो होतो. चांगला सात फुटी सागवानी बाक, त्यावर आम्ही दोघंच. भाचा आला, बाक चांगला रिकामा असताना अगदी टोकावर, अर्धा बाहेर असा टेकला आणि पिशवी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून ठेवली. बहीण आतून चहा घेऊन आली. तिनं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, ‘काऊन रे, असा काठावर काऊन टेकला? मांग सरकून बस ना बापू, नीट मांडी घालून. कोनी उठवत नाई तुले इथं.’